पावतीपुस्तकातली बारव

आमच्या गावच्या बारवेचे, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीचे, पावतीपुस्तक गेली पाच वर्षे माझ्याकडे आहे. बँकेच्या नोकरीत तीस वर्षे दुसऱ्यांच्या पैशांचा हिशोब ठेवून निवृत्त झालो आणि गावी परतलो, तेव्हा बारव उपसायचे ठरवलेली पोरे एका संध्याकाळी ओट्यावर येऊन बसली आणि "अण्णा, टिकाव-फावडे आम्ही बघतो, वही तेवढी तुम्ही सांभाळा," असे म्हणून मोकळी झाली. तालुक्याच्या गावी छापून आणलेल्या त्या पुस्तकात नाव, रक्कम आकड्यांत, रक्कम अक्षरी आणि सगळ्यात शेवटी 'कशासाठी' असे चार रकाने आहेत. पहिले तीन भरताना कधी अडचण आली नाही. चौथ्यावरून मात्र भांडणे झाली, दोन देणगीदार रुसले, त्यांतला एक वर्षभर माझ्याशी बोलला नाही, आणि जुन्या वास्तूसाठी पैसे देणारा माणूस ते नेमके कशासाठी देतो, हा प्रश्न मला त्या रकान्यामुळेच पहिल्यांदा पडला.

गाव परभणी जिल्ह्यातले. या जिल्ह्याला बारवांची श्रीमंती आहे. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव किंवा जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची मंदिरे आणि बारव पाहायला आता लांबून लोक येतात. आमची बारव त्यांच्या पंगतीत बसणारी नाही. जुन्या शिल्पग्रंथांनी वापीचे, म्हणजे बारवेचे, चार प्रकार सांगितले आहेत. एकाच बाजूने उतरायची ती नंदा, दोन बाजूंनी उतरायची भद्रा, तीन बाजूंची जया आणि चारही बाजूंनी वाट असलेली विजया. त्या हिशोबाने आमची साधी नंदा. काळ्या पाषाणाचे घडीव चिरे, चुन्याचा लपकासुद्धा न लावता एकावर एक बसवलेले, तीन टप्प्यांत उतरणाऱ्या पायऱ्या, दोन्ही अंगांना देवळ्या आणि तळाशी चौकोनी कुंड. एका देवळीत शेंदूर फासलेले सात तांदळे आहेत, त्या साती आसरा, पाण्याच्या देवता. शिलालेख नाही, त्यामुळे बांधणाऱ्याचे नाव नाही. गावात विचारले तर हेमाडपंताने एका रात्रीत बांधली असे सांगतात. यादवांच्या या मंत्र्याच्या नावावर महाराष्ट्राने अशा इतक्या रात्री जमा केल्या आहेत की बिचारा झोपला कधी, असा प्रश्न पडावा.

बारव बुजत का गेली, याचे उत्तर 'लोकांना किंमत नव्हती' इतके सोपे नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव विंधन विहिरी आल्या, पुढे नळ आले, हे खरे. पण त्याहून जुने आणि जास्त वजनाचे एक कारण आम्ही सोयीस्करपणे विसरलो आहोत, ते म्हणजे नारू. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस पाय बुडवून पाणी भरतो. नारू झालेल्याच्या जखमेतून अळ्या त्या पाण्यात सुटत, पाण्यातल्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जीवांच्या पोटात जात आणि तेच पाणी प्यायलेल्याच्या पायातून साधारण वर्षभराने हातभर लांबीचा जंत बाहेर पडू लागे, जो काडीला गुंडाळत गुंडाळत दिवसेंदिवस ओढावा लागत असे. माझ्या आजोबांच्या पोटरीवर त्याचा व्रण होता. १९८३-८४ पासून नारू निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिच्यात पायऱ्यांच्या विहिरींच्या वाटा बंद करणे किंवा त्यांचे दोराने पाणी ओढायच्या विहिरींत रूपांतर करणे हा एक मुख्य उपाय होता, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. म्हणजे ज्यांनी बारवेकडे पाठ फिरवली त्यांनी अडाणीपणाने फिरवली नव्हती. हे ध्यानात न घेता बारवेविषयी नुसतेच हळवे होणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. मात्र रोग गेल्यावरही वाट बंदच राहिली, आणि बंद वाटेच्या तोंडाशी गावाने उकिरडा केला, तो दोष आमचा.

उपसायची कल्पना पोरांना मोबाइलवरून मिळाली. रोहन काळे यांनी महाराष्ट्र बारव मोहीम सुरू करून राज्यभर फिरत बारवांची ठिकाणे नकाशावर नोंदवली आणि गावागावांतल्या लोकांना आपापली बारव स्वच्छ करायला, महाशिवरात्रीला तिथे दिवे लावायला उद्युक्त केले. त्यांचे फोटो पाहून आमच्याकडच्या पोरांना आपल्या उकिरड्याखालीही असेच काही असेल, हे सुचले. पहिल्या रविवारी श्रमदानाला ऐंशीच्या वर माणसे होती. दुसऱ्या रविवारी चाळीस. चौथ्या रविवारी अकरा. श्रमदानाचा हा उतरता आलेख इतका हमखास असतो की पहिल्या दिवसाच्या गर्दीचे फोटो पाहिले की मला हल्ली चौथ्या रविवारची काळजी लागते. खरी बारव त्या अकरा जणांनी उपसली. त्यांत महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेची चार मुले होती, बचत गटाच्या तीन बाया होत्या, पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. तळाच्या गाळात उतरण्याआधी कंदील पेटवून दोरीने खाली सोडायचा, तो विझला तर त्या दिवशी कोणी उतरायचे नाही, हा नियम त्या पोस्टातल्या गृहस्थांनी घालून दिला आणि दोन वेळा तो कामी आला. मग पायऱ्यांवर साखळी करून घमेली हातोहात वर. गाळात काय नव्हते? पितळी कळशी, बैलांच्या गळ्यातली घुंगरे, बाटल्या, चपला आणि प्लास्टरच्या गणपतींचे कितीतरी न विरघळलेले हात.

पहिली पावती याच दिवसांतली. गावातल्या एका आजींनी ५१ रुपये दिले. त्यांच्या पहिल्या बाळंतपणानंतर त्यांनी आसरांची ओटी याच बारवेत भरली होती. 'कशासाठी' असे विचारल्यावर त्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या की जणू काही मी खुळा आहे. "बारवंसाठी, दुसरं कशासाठी?" मी 'बारव साफसफाई' असे लिहिले.

अकरा जणांचा वेग पाहून आम्हाला घाई झाली आणि आम्ही जेसीबी बोलावला. या चुकीत कोणा एकाचा दोष नाही. ठरावावर माझीही सही आहे. वरच्या टप्प्यावरचा मातीचा ढीग त्याने दोन तासांत उचलला, पण तिसऱ्या तासाला बादलीचा दात एका पायरीच्या नाकाला लागला आणि शेकडो वर्षे न हललेला चिरा मधून तडकला. चालकाने लगेच यंत्र बंद केले आणि खाली उतरून तो त्या चिऱ्यापाशी बसला. त्या पायरीवर आजही पाय ठेवताना मी नकळत थोडा बाजूला सरकतो. यंत्राचे भाडे वहीत आहे, चिऱ्याची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची ते मला अजून सुचलेले नाही.

त्यानंतर आम्ही शेजारच्या गावच्या एका वडार कारागिराला हातापाया पडून आणले. सत्तरी ओलांडलेला माणूस, हातोडीने दगड वाजवून त्याचे पोट कसे आहे ते सांगणारा. त्याने आमच्या अनेक बेतांना नकार दिला आणि त्या नकारांतून बारव म्हणजे काय ते मला थोडे कळले. आम्हाला पंप लावून कुंडातले पाणी एका दिवसात संपवायचे होते. तो म्हणाला, भिंतीमागची माती पाण्याने फुगलेली असते, तिला आतले पाणी रेटून धरते. आतले पाणी एकदम काढले तर मागची ओली माती भिंतीला आत ढकलते आणि चिरे पोटात येतात. म्हणून उपसा उन्हाळ्यात आणि रोज हातभरच. वरच्या काठावर पिंपळ फुटला होता, तो आम्ही उपटणार होतो. त्याने हातच धरला. मुळ्या चिऱ्यांच्या सांध्यांत शिरून जाड झालेल्या असतात, झाड ओढले की सांध्यासकट भिंत येते. खोड कापायचे, फुटवे पुन्हा पुन्हा खुडायचे, मूळ आतल्या आत मरून वाळू द्यायचे आणि मग मोकळी झालेली जागा दगडाच्या कपच्यांनी भरायची. याला दोन वर्षे लागली. दोन वर्षांत त्या कोपऱ्यावर खर्च जवळजवळ झाला नाही आणि दाखवण्यासारखेही काही झाले नाही.

नेमका तिथेच पैशाचा प्रश्न उभा राहिला. बारवेची बातमी पसरल्यावर देणग्या येऊ लागल्या. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या गावकऱ्यांकडून आल्या, दोन अमेरिकेतूनही आल्या. देणाऱ्यांच्या मनाविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण प्रत्येकाला 'कशासाठी' या रकान्यात डोळ्यांना दिसेल असे काहीतरी हवे होते. एकाला वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी, दुसऱ्याला काठाभोवती स्टीलचे कठडे, तिसऱ्याला देवळीतल्या मूर्तींना ऑइलपेंट, कारण 'दगड फारच काळा दिसतो'. सगळ्यात मोठी रक्कम देऊ करणारे गृहस्थ बांधकाम व्यवसायातले. त्यांना चिऱ्यांचे सगळे सांधे सिमेंटने भरून बारव 'पक्की' करून द्यायची होती, तीही स्वखर्चाने. कारागिराने पुन्हा मान हलवली. बिनचुन्याच्या भिंतीचे सांधे ही तिची कमजोरी नाही, भोवतालच्या जमिनीतले पाणी झिरपून कुंडात येते ते याच सांध्यांतून. ते बंद केले तर झरे आटतात आणि अडलेले पाणी मागून भिंतीवर जोर करते. चार पावसाळ्यांत भिंतीला पोट सुटते. जिथे मुळात चुना वापरलेला आहे अशा वास्तूंनाही चुनाच हवा, कारण चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो, तर सिमेंट ओल कोंडून धरते आणि शेजारचा दगड लोणा लागून पापुद्र्यांनी झडू लागतो. आम्ही ती देणगी नम्रपणे नाकारली. वर्षभर माझ्याशी न बोललेले गृहस्थ ते हेच.

त्यांच्यावर मी मनातून रागावलो होतो, आता नाही. आपल्या परंपरेतच याचे मूळ आहे. यज्ञयागाला 'इष्ट' आणि विहिरी, तळी, देवळे, बागा, अन्नदान यांना 'पूर्त' असे नाव देऊन धर्मशास्त्राने पाणी देणाऱ्याच्या पदरी मोठे पुण्य टाकले. ते पुण्य बांधणाऱ्याचे. आणि बांधणाऱ्याने आपले नाव कोरले तर त्यात वावगे काय? साताऱ्याजवळच्या लिंब गावी बारा मोटांची अष्टकोनी विहीर आहे. ती विरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात बांधवली, असे तिथल्या शिलालेखावरून कळते. थोरल्या शाहू महाराजांचा तो काळ. आमराईला पाणी द्यायला एकाच वेळी बारा मोटा चालतील अशी ती सोय, आणि वर बसायला दगडी महाल. त्या शिलालेखामुळेच आज आपण विरूबाईंचे नाव घेतो. पण ज्याने नवे काही न बांधता जुने फक्त पडू दिले नाही, त्याने पाटी लावायची कुठे? आणि लावलीच, तर तो संगमरवर काळ्या पाषाणावर ठिगळासारखा दिसणार. जतन जितके चांगले तितके ते दिसत नाही, आणि दान मात्र दिसावे असे वाटते. आमच्या चौथ्या रकान्यातले सगळे भांडण एवढेच आहे.

हिशोबनीस म्हणून मला या बाबतीत अहिल्याबाई होळकरांविषयी विशेष आदर वाटतो. त्यांच्या मंदिरांविषयी आणि घाटांविषयी सगळेच बोलतात. मला कौतुक वाटते ते त्यांच्या खात्यांचे. होळकरांकडे दौलत, म्हणजे राज्याचा पैसा, वेगळी आणि खासगी, म्हणजे घराण्याचा स्वतःचा पैसा, वेगळी. देशभरच्या घाट, विहिरी, धर्मशाळा आणि देवळांचा धर्मादाय मुख्यतः खासगीतून झाला, आणि कितीतरी ठिकाणी नुसते बांधून न थांबता पूजाअर्चा, अन्नछत्र यांसाठी दरसालची नेमणूक करून दिली. बांधणीचा खर्च एकदाच, निगेचा दरवर्षी, हे ज्याला कळले त्यालाच वास्तू कळली, असे माझे बँकेतले डोके म्हणते.

लोकवर्गणीने जतन हा प्रकारही आपल्याकडे नवा नाही. रायगडावरच्या शिवछत्रपतींच्या समाधीची दुरवस्था दूर व्हावी म्हणून १८९५ साली लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून निधीचे आवाहन केले, आणि समाधीचा जीर्णोद्धार प्रत्यक्ष पुरा झाला तो विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, टिळक गेल्यानंतर. देणाऱ्यांपैकी कितीजण ते पाहायला हयात असतील? आमच्या बैठकीत 'दोन वर्षे झाली, काम दिसत नाही' असे कोणी म्हणाले की मी ही गोष्ट काढतो, आणि आता मी तोंड उघडण्याआधीच पोरे 'हो अण्णा, अठराशे पंच्याण्णव' असे म्हणतात.

मोठा पैसा नीट वापरला गेल्याचीही उदाहरणे आहेत. मुंबईत भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयासाठी २००३ साली महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि वारसा जतनाचे काम करणारी इंटॅक ही संस्था यांनी मिळून करार केला. पैसा धर्मादायाचा, इमारत महापालिकेची, आणि काय करायचे व काय नाही हे जाणकारांनी ठरवायचे. त्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला. देणाऱ्याने आपला हट्ट बाजूला ठेवला, हे मला त्यात सगळ्यात मोलाचे वाटते.

आम्हीही मोठ्या पैशासाठी धडपडून पाहिले. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात ऐतिहासिक वास्तूंच्या जीर्णोद्धाराचा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणजे ज्या कंपन्यांना मागल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात त्या हा खर्च बारवेवर करू शकतात. पण त्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली संस्था हवी, आयकराच्या नोंदण्या हव्यात, तीन वर्षांचे लेखापरीक्षण हवे. आम्ही हे सगळे केले. एका कंपनीचे अधिकारी येऊन पाहून गेले, मनापासून हळहळले आणि 'वर्षभरात पूर्ण होईल असा प्रकल्प' मागून गेले. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, पिंपळाचे मूळ त्या तारखेपर्यंत वाळत नाही.

कायद्याचीही एक गंमत आहे. वास्तू केंद्राच्या किंवा राज्याच्या संरक्षित यादीत असती तर परवानगीवाचून आम्हाला तिथला दगडही हलवता आला नसता. उत्साही मंडळींना हा जाच वाटतो आणि कागदांचा वेळ पाहता तो कधीकधी असतोही. आमची बारव कोणत्याच यादीत नाही. ग्रामसभेचा एक ठराव पुरला. या मोकळिकीचे आधी आम्हाला बरे वाटले होते, पण त्या तडकलेल्या पायरीनंतर मला तिची भीती वाटते, कारण यादीबाहेरच्या अशा बारवा गावोगाव आहेत आणि त्यांना चांगल्या हेतूच्या माणसांपासून वाचवणारे कोणीच नाही. आम्ही स्वतःपुरता एक नियम केला: जे पुन्हा काढून टाकता येणार नाही, ते लावायचे नाही. कठडे बांबूचे बांधले, दिवे खिळे न ठोकता ठेवले आणि माहितीचा फलक बारवेच्या बाहेर, बाभळीखाली उभा केला. देणगीदारांची नावे त्यावर आहेत, रकमेच्या क्रमाने न लावता अकारविल्हे लावलेली. त्यामुळे ५१ रुपयांच्या आजी दुसऱ्या क्रमांकावर आल्या. त्यावरूनही थोडी कुरकुर झाली.

महाशिवरात्रीला दिवे लावतो तेव्हा बारव भरून जाते. पणत्यांच्या उजेडात चिऱ्यांवरच्या छिन्नीच्या खुणा दिसतात, खालच्या पाण्यात त्या उजेडाच्या पायऱ्या उलट्या उतरतात आणि गर्दीतले निम्मे लोक फोटो काढत असतात. मला त्याचे वाईट वाटत नाही, कारण पुढच्या वर्षीच्या चौथ्या रविवारचा एखादा माणूस त्यांतूनच मिळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पायऱ्यांवर तेलाचे ओघळ असतात, आणि दगडात मुरण्याआधी ते राखेने घासून काढायला सातजण येतात. यंदापासून पणतीखाली पत्रावळ ठेवायचे ठरले आहे.

आता कामाच्या हिशोबात मोठा आकडा उरलेला नाही. दर महिन्याला एका बाईला पायऱ्या झाडायचे पैसे द्यावे लागतात, पावसाळ्याआधी काठाभोवतीचा चर मोकळा करावा लागतो, पिंपळाचे फुटवे खुडावे लागतात, आणि वर्षातून एकदा कारागिराला जाण्यायेण्याचे भाडे देऊन भिंत दाखवावी लागते. या खात्याला आम्ही 'निगा' असे नाव दिले आहे. कठड्यांसाठी एका महिन्यात पैसे जमले होते. निगेचे खाते मात्र पाच वर्षांत चार वेळा माझ्या निवृत्तिवेतनातून भागले. हे मी कोणाला सांगितले नव्हते, पण वही उघडीच असते, कोणीतरी वाचली असावी. गेल्या आठवड्यात तेच बांधकाम व्यावसायिक घरी आले. चहा घेतला, पावसापाण्याचे बोलले, बारवेचा विषय काढला नाही. उठताना खिशातून पाकीट काढून त्यांनी ओट्यावर ठेवले. मी पावतीपुस्तक उघडले, नाव लिहिले, रक्कम आकड्यांत आणि अक्षरी लिहिली आणि चौथ्या रकान्यापाशी थांबलो.

"झाडायला किती लागतात महिन्याला?" त्यांनी विचारले.

मी आकडा सांगितला. त्यांनी मनातल्या मनात बाराने गुणले आणि पाकिटात आणखी दोन नोटा घातल्या.